गाडीखालची मुलगी आणि कुंपणापलीकडचा म्हातारा

मी गॅरेजमध्ये शिरले तेव्हा गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते आणि त्यांतला एक हलत होता. बुटाची टाच फरशी खरवडत होती. दुसरा पाय हलत नव्हता. गाडीला इंजिन नव्हतं, दारं नव्हती, पुढची चाकं नव्हती. नुसता पत्र्याचा सांगाडा उरला होता, पण माणसाची छाती दाबायला तेवढा पुरतो. शेजारचा म्हातारा गुडघ्यांवर बसून डाव्या हाताने जॅकचा दांडा फिरवत होता. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता. दर फेऱ्याला तो एक शिवी देत होता.

"बघतेस काय नुसती? खाली पड आणि तिचं डोकं धर!" तो माझ्यावर ओरडला.

मी आडवी झाले आणि हात आत घातले. मुलीचे डोळे उघडे होते, ओठ निळे पडले होते. "श्वास घे. बोलू नकोस, फक्त श्वास घे," मी मराठीत म्हणाले. तिने घेतला. फार थोडा, पण घेतला.

मागे दारात तिचा मामा उभा होता. त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. तो आत येत नव्हता, हात लावत नव्हता. म्हाताऱ्याकडे बोट दाखवून एकसारखा ओरडत होता, "ह्यानंच केलं! ही डिड इट! ह्यानंच गाडी पाडली!"

हे आठवायला मला कष्ट पडत नाहीत. लोक म्हणतात, विसरून जा आता, निवृत्त झालीस. मी विसरणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नावं कोणाचीच देत नाही. मी कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर होते. म्हणजे अंगावर पोलिसाचा गणवेश, पण अटक करण्याचा अधिकार नाही. पायी गस्त घालायची, शेजाऱ्यांची भांडणं ऐकायची, गुन्ह्याच्या जागी फीत बांधून उभं राहायचं आणि कोण आलं, कोण गेलं ते लिहायचं. माझी शाळा गावातच चौथीपर्यंत झाली. इंग्रजी मी इथे विलायतेत आल्यावर विमानतळाच्या धोबीखान्यात कपडे घड्या करता करता शिकले. भरतीची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. या कामाला तेवढं पुरलं.

हाउन्सलोच्या बाजूला माझी बीट होती. जोडघरांची गल्ली, प्रत्येक घराला बाजूने गॅरेज आणि पुढे गाडी लावायची जागा, म्हणजे ड्राइव्ह. त्यातल्या एका घरात आई आणि मुलगी राहायच्या. वडील वारले होते. आई विमानतळावर जेवणाचे ट्रे भरायची. मुलगी इथेच जन्मलेली, मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरीला. तिला किट कार बांधायची होती. हा काय प्रकार आहे ते मला तिनेच समजावलं होतं. नव्या गाडीची बॉडी आणि सांगाडा सुट्ट्या भागांत विकत मिळतो. इंजिन, गिअर, स्टिअरिंग, चाकं धरणारे भाग मात्र एका जुन्या गाडीतून काढायचे. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. तिने दोन दारांची जुनी जपानी गाडी आणली होती आणि घरच्या गॅरेजमध्ये ती बोल्ट बोल्ट करून सोडवत होती.

"मावशी, हा गाडी मरणार आणि दुसरा जन्माला येणार," ती मला तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली होती. कपाळाला ग्रीस लागलेलं होतं.

"आणि लग्न?" मी विचारलं.

"लग्नात बोल्ट नसतो ना, मावशी. इंटरेस्टिंग नाही."

काम मात्र ती नीट करायची. गाडीखाली जाण्याआधी चारही कोपऱ्यांना लोखंडी स्टँड लावायची. आपल्याकडचे गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली ती कधी गेली नाही. शिवाय काढलेलं एखादं चाकही कडेने गाडीखाली आडवं सरकवून ठेवायची. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "जस्ट इन केस."

शेजारचा म्हातारा एकटा राहायचा. गोरा, सत्तरी ओलांडलेला, तोंडाने घाणेरडा. हातोड्याचा आवाज होतो, तेल गटारात जातं, ड्राइव्हवर भंगार पडलंय, अशा तक्रारी तो कौन्सिलला करायचा, आणि मग मला तिथे जावं लागायचं. मी फाटक उघडलं की म्हणायचा, "आली अर्धी पोलीस. पूर्ण पोलीस कधी पाठवणार?" एकदा माझ्यादेखत कुंपणावरून मुलीला म्हणाला होता, "हे भंगार हलव, नाहीतर एक दिवस मीच ते तुझ्या डोक्यावर पाडीन." मी ते लिहून घेतलं होतं. तो मला कधीच आवडला नाही. आजही आवडत नाही.

मामा पुण्याजवळच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला. व्हिजिटर व्हिसावर बहिणीकडे आला होता. नीटनेटका माणूस, बोलायला गोड.

तर त्या दिवशी दुपारी मी गस्तीवर असताना ओरडणं ऐकून धावले. माझ्यामागून आधी अग्निशमनवाले आले आणि मग अँब्युलन्स. त्यांनी हवेच्या पिशव्या घालून गाडी उचलली आणि मुलीला बाहेर काढलं. फासळ्या मोडल्या होत्या, एक फुप्फुस मिटलं होतं, कंबरेचं हाड तुटलं होतं. पण छाती पूर्ण चिरडली नव्हती, कारण आडवं ठेवलेलं ते चाक मध्ये आलं होतं. चाकाने अडवलं, आणि मग म्हाताऱ्याच्या जॅकने थोडं उचललं. तेवढ्यावर ती श्वास घेत होती.

फरशीवर सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचा चुरा पडला होता. पुढच्या दोन घोड्या जागेवर नव्हत्या. त्या म्हाताऱ्याच्या हेजमागे, म्हणजे कुंपणाच्या झुडपांमागे, सापडल्या.

मामाने पोलिसांना सांगितलं, "सकाळी मी ह्याला गॅरेजमधून निघताना पाहिलं. घोड्या ह्यानंच काढल्या आणि विटा लावून ठेवल्या. ह्यानं आधी धमकीही दिली आहे, ह्या ताईंना विचारा."

मला विचारलं. धमकी दिली होती का? दिली होती. मी खरं तेच सांगितलं. जीवघेणी दुखापत केल्याच्या संशयावरून म्हाताऱ्याला अटक झाली. हातकडी घालताना तो किंचाळला. मनगट मोडलेलं होतं. जॅक सरकला तेव्हा गाडीची कड त्याच्या हातावर आली होती आणि तरी तो दुसऱ्या हाताने दांडा फिरवत राहिला होता. कस्टडीतल्या नर्सने पाहिलं तेव्हा ते कळलं. तोवर स्टेशनपर्यंत तो सारखा शिव्याच देत होता, त्यामुळे हाताकडे कोणी लक्ष दिलं नाही. शिव्या देणाऱ्या माणसाचं दुखणं लोकांना खरं वाटत नाही.

संध्याकाळी मी स्टेशनवर माझा जबाब लिहून देत होते. तपास एका डिटेक्टिव्ह सार्जंट बाईंकडे होता. या क्रॉयडनकडून बदलून आल्या होत्या. कामाला पक्क्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर आल्या, चहाचा मग घेतला आणि माझ्यासमोर बसल्या.

"वकिलाने त्याला सांगितलं, 'नो कॉमेंट' म्हण. तो म्हणतो, मला प्रत्येक गोष्टीवर कॉमेंट आहे," त्या म्हणाल्या.

"मग काय कॉमेंट केली?"

"म्हणतो, सकाळी वरच्या खिडकीतून पाहिलं. पाहुण्याने गाडीच्या पुढच्या बाजूला जॅक लावला, दोन्ही स्टँड काढले, तिथे ब्लॉक ठेवले आणि स्टँड घरात घेऊन गेला. मागच्या काचेच्या दारातून याला दिसलं. बैठकीच्या खोलीत चादर अंथरून त्यावर ते स्टँड ठेवले आणि वर फुलं वाहिली." सार्जंट बाई थांबल्या. "वकिलाने कपाळाला हात लावला. पण मला वाटतं, खोटं बोलायचं असतं तर माणूस याहून बरं खोटं बोलला असता. तुम्ही त्या घरात जाता. फुलांचं काय असेल?"

मी पेन खाली ठेवलं.

"आज आमची खंडेनवमी आहे. उद्या दसरा," मी म्हणाले. "आज हत्यारं आणि अवजारं पुजतात. ज्याच्यावर पोट चालतं ते. कारखान्यात तर हमखास. धुऊन पुसून मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. आणि दुसऱ्या दिवशी पूजा उचलेपर्यंत ती अवजारं वापरत नाहीत."

"म्हणजे त्या दिवशी काम बंद?"

"बंद. मामाच्या डोक्यात तेच असणार. आज कोण गाडीखाली जातंय!"

त्या हसल्या नाहीत. चहाचा मग खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चला."

गॅरेज आणि ड्राइव्ह फीत लावून बंद होतं, घराला फीत नव्हती. आई हॉस्पिटलमध्ये होती, मुलगी ऑपरेशन टेबलवर. दार मामाने उघडलं. चप्पल काढा म्हणाला, मग म्हणाला, असू द्या. मला पाहून त्याला बरं वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बैठकीच्या खोलीत कार्पेटवर पांढरी चादर होती आणि पूजा तशीच मांडलेली होती. हातोडी, नट-बोल्टचे पाने, पक्कड, मुलीचा बोल्ट आवळायचा महागडा पाना. सगळं चकचकीत धुतलेलं, प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट आणि एकेक झेंडूचं फूल. आणि पुढच्या रांगेत, मधोमध, दोन सुपाऱ्या.

मी खाली वाकले. प्रत्येक सुपारीभोवती चादरीवर चार खोल खळगे होते. कार्पेट अजून वर आलं नव्हतं. काहीतरी चार पायांचं, लोखंडी, जड, सकाळपासून तिथे उभं होतं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पूजेत जी वस्तू किंवा जे माणूस हजर नसतं, त्याच्या जागी सुपारी ठेवतात. या माणसाने घोड्या उचलल्या आणि त्यांच्या जागी सुपाऱ्या ठेवल्या. पूजा अपुरी राहू नये म्हणून! भाचीच्या छातीवर गाडी असताना! दिवसाढवळ्या शेजाऱ्याला तुरुंगात पाठवायला हा घाबरला नाही, पण मांडलेली पूजा उत्तरपूजेआधी मोडायला घाबरला.

मी सार्जंट बाईंना इंग्रजीत सगळं सांगितलं. त्या खळग्यांचे फोटो काढू लागल्या. मामा माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात मराठीत बोलू लागला.

"ताई, तुम्ही आपल्यातल्या. तुम्हाला मी काय सांगू?"

"तुम्ही जे बोलाल ते मी यांना इंग्रजीत सांगणार आहे," मी म्हणाले.

"अहो, ऐका तर. मी मुद्दाम का करीन? पोरीची बहुतेक हत्यारं पूजेत, घोड्या तेवढ्या का वगळायच्या? चाळीस वर्षं मी पूजा मांडत आलोय. आणि विटा होत्या की खाली! मला काय माहीत, ती सणाच्या दिवशी उरलेला एखादा पाना घेऊन कामाला लागेल. उद्या तिचे मित्र बॉडी उचलायला येणार होते म्हणे. मला कोणी सांगितलं?"

"तिला तुम्ही सांगितलंत? घोड्या काढल्यात म्हणून?"

"झोपली होती. मग मी आंघोळीला गेलो. मग राहिलं."

मी वाक्य न् वाक्य इंग्रजीत सांगितलं. सार्जंट बाईंनी त्याला तिथेच थांबवलं आणि कॉशन दिली. बोललंच पाहिजे असं नाही, पण आता लपवलेलं पुढे कोर्टात सांगितलं तर ते बाधू शकतं, आणि जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल. मी ते मराठीत सांगितलं. समजलं का, विचारलं. समजलं म्हणाला. आणि तरी माझ्याकडेच बघत बोलत राहिला. गणवेश त्याला दिसतच नव्हता. त्याला फक्त माझी भाषा ऐकू येत होती.

"माझा व्हिसा आहे, ताई. परत कधी येऊ देणार नाहीत. बहिणीला काय तोंड दाखवू? आणि तो म्हातारा तसाही भांडकुदळ. त्याला कोण रडणारंय? दोन दिवस आत बसला तर काय बिघडतं?"

"आवाज आला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

तो शर्टाची बाही ओढू लागला.

"ती ओरडली तेव्हा कुठे होता तुम्ही?"

"इथेच. टीव्ही बघत होतो."

"मग काय केलंत?"

तो चादरीकडे बघू लागला. मग जे सांगितलं ते ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. तो दारापर्यंत गेला, पाय पाहिले आणि परत फिरला. घोड्या उचलून स्वयंपाकघरात नेल्या आणि नळाखाली हळदकुंकू धुतलं. पलीकडून म्हातारा कुंपण ओलांडून गॅरेजमध्ये धावला तेव्हा त्याचं मागचं अंगण मोकळं झालं. तेवढ्यात याने घोड्या हेजवरून टाकल्या. आत आला, सुपाऱ्या ठेवल्या, आणि मग दारात जाऊन ओरडायला लागला. मदतीचा फोन म्हाताऱ्याने केला होता. फोन जमिनीवर ठेवून, एका हाताने दांडा फिरवत.

मुलीला श्वास घेता येत नव्हता आणि हा माणूस सिंकमध्ये कुंकू धूत होता.

घोडीच्या खाचांमध्ये पिवळं राहिलंच. हळद अशी जात नाही, हे कोणत्याही बाईने त्याला सांगितलं असतं. सार्जंट बाईंनी त्याला अटक केली. रीतसर जबाब नंतर अधिकृत दुभाष्याबरोबर झाला, कारण मी साक्षीदार होते आणि दुभाषी म्हणून बसणं नियमात नव्हतं. घरात तो मला जे बोलला ते लिहून त्याला वाचून दाखवलं आणि सही घेतली.

हॉस्पिटलमध्ये आई खुर्चीत ताठ बसली होती. अंगावर विमानतळाचाच युनिफॉर्म. सकाळी कामावर जाण्याआधी त्या घोड्यांना कुंकू तिनेच लावलं होतं. म्हणजे दुपारी फोन आला तेव्हा तिला कळलंच असणार.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"माझा धाकटा भाऊ आहे हो तो, ताई."

"आणि आत कोण आहे?"

 ती पदर नसलेल्या कोटाची कड तोंडात धरून रडली. मी तिथून उठले. तिला जवळ घ्यायला दुसरं कोणीतरी होतं, आणि मला तेव्हा ते जमलंही नसतं.

म्हाताऱ्याला त्याच रात्री सोडलं. पुढे कधीतरी त्याचा जप्त केलेला जॅक परत द्यायला मी गेले. मनगटाला प्लास्टर होतं.

"आली अर्धी पोलीस," तो म्हणाला.

"तुमचा जॅक."

"पुसून आणायचा होता." त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "पोरगी?"

"बोलते आता. पहिला प्रश्न विचारला, मावशी, माझा गाडी कुठे आहे?"

"मूर्ख कार्टी. तिला सांग, दुपारी दोन ते चार मी झोपतो. तेव्हा हातोडा नाही." आणि दार लावून घेतलं. आभार त्याला नको होते आणि मी मानलेही नाहीत. तुम्ही धमकी दिली होतीत हे मी खरं सांगितलं, तुम्ही गाडी पाडली नाहीत हेही मी खरंच सांगितलं. दोन्ही माझं काम होतं.

मामाने न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला. शिक्षा भोगली आणि परत गेला. घोड्या काढल्याबद्दल त्याला शिक्षा झाली असं मी समजत नाही. ती चूक होती, आणि अशी चूक भक्तीच्या भरात कोणीही करेल. शिक्षा झाली ती सिंकपाशी घालवलेल्या वेळाची. माझ्या हिशेबी ती कमी झाली.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या टेबलावर कोणी बसेना. एक शिकलेल्या बाई, मोठ्या बँकेत काम करणाऱ्या, फराळाची प्लेट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आपलाच माणूस होता हो. थोडं सांभाळून घ्यायचं होतं. परक्या देशात आपण एकमेकांना नाही बघायचं तर कोण बघणार?"

मी म्हणाले, "आपली मुलगी गाडीखाली होती. तिला कोणी बघितलं?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. चिवडा खा."

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर सांगते. पोकळ ब्लॉकवर गाडी कधी ठेवू नका, तो तडा न दाखवता फुटतो. गाडीखाली जाण्याआधी रोज वाकून बघा, काल बघितलं होतं म्हणून आज सोडू नका. आणि कोणी कानाशी येऊन "तुम्ही आपल्यातल्या" म्हणाला, तर तो काय मागणार आहे ते आधी ओळखा. वीस-एक वर्षांच्या नोकरीत मला हे शब्द अनेकांनी ऐकवले. चांगल्या कामासाठी एकानेही नाही. ज्याला न्याय हवा असतो तो जात, गाव, भाषा सांगत बसत नाही, काय झालं ते सांगतो. तो म्हातारा मला कधी आपली म्हणाला नाही. त्याने जे पाहिलं ते सांगितलं, आणि ते सांगताना लोक आपल्याला वेडा म्हणतील याची पर्वा केली नाही.

मुलगी वाचली. आता काठी घेऊन चालते. म्हातारा त्यानंतर दोन हिवाळे जगला आणि झोपेत गेला. मामा पुण्याकडे आहे, जिवंत आहे.